दुखणे दाढेचे नव्हते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सरावलीच्या माझ्या दवाखान्यात ३२-३३ वर्षांच्या एक बाई आल्या. बरोबर नवरा होता, तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. बोलत तोच होता, कारण बोलायला तोंड उघडले की बाईंच्या उजव्या गालात वीज चमकावी तशी कळ जाई. दात घासणे, चूळ भरणे, लोकलच्या खिडकीतला वारा, एवढेही पुरे होई. कळ काही सेकंदांत ओसरे. पण पुढची कधी येईल या धास्तीने त्या धड जेवत नव्हत्या. दोन दाढा काढून झाल्या होत्या. दुखणे होते तसेच.

वाचकहो, हे दुखणे दाढेचे नव्हतेच. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी पाचवी नस, तिचे होते. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. (चेहरा वाकडा होतो तो सातव्या नसेचा विकार, तो वेगळा.) अभिनेते सलमान खान यांनी २०११ साली याच दुखण्यासाठी अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले.

मी कार्बामाझेपिन सुरू केले. फिटवरचेच हे औषध, पण या कळेवर गुणकारी. आठवड्याभराने बाई स्वतः बोलत आल्या. मी खूश झालो, आणि इथेच माझे चुकले. हा विकार बहुधा पन्नाशीनंतर होतो आणि बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी नसेवर घासत असते. मग ऐन तिशीत का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. गोळीने आराम पडला म्हणजे शोध संपला असे धरून दीड वर्ष डोस वाढवत राहिलो. एके दिवशी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, उजव्या कानाला फोन लावला की नीट ऐकू येत नाही." तेव्हा कुठे मी एमआरआयची चिठ्ठी लिहिली.

नस जिथे मेंदूच्या देठातून निघते, तिथेच एपिडर्मॉइड गाठ होती. आईच्या पोटात तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, मेंदू घडताना, कातडीच्या काही पेशी चुकून आत अडकतात. आपल्या अंगावरच्या कातडीचा कोंडा गळून जातो. आतल्या कोंड्याला वाट नसते. थरावर थर साचत वर्षानुवर्षे पांढरी, चमकदार गाठ बनते आणि नसांना विळखा घालते. क्रुव्हेलिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८२९ साली तिला मोत्याची उपमा दिली होती. मेंदूच्या शंभर गाठींत अशी साधारण एखादी. आणि हा कॅन्सर नव्हे, हे मी त्या नवऱ्याला तीनदा सांगितले, तरी त्याचे हात थरथरतच होते.

नुसत्या सीटी स्कॅनवर ही गाठ पाण्यासारखी दिसून निसटू शकते. एमआरआय तिला पकडतो. म्हणून दाढेत कीड नाही, एक्स-रे स्वच्छ आहे आणि नुसत्या स्पर्शाने कळ येते, तर दाढ काढायची घाई करू नका. कळ गोळीने थांबली तरी एकदा एमआरआय करून घ्यावा. वय कमी असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर अजिबात टाळू नये. गाठीमुळे येणारी कळसुद्धा ही गोळी काही काळ दाबून ठेवते. गोळी घेताना अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवी ती मनाने बंद करू नका.

बाईंची शस्त्रक्रिया मुंबईला झाली. कानामागे हाडात छोटी खिडकी करून, सूक्ष्मदर्शकाखाली. मेंदूच्या देठाला चिकटलेला पापुद्रा सर्जननी तसाच ठेवला. हा हलगर्जीपणा नव्हे. तो ओढला तर गिळणे, ऐकणे, चेहऱ्याची हालचाल, काहीही जाऊ शकते. त्यामुळे काही वर्षांनी गाठ पुन्हा वाढू शकते आणि अधूनमधून तपासणी लागते.

कळ थांबली, गोळी हळूहळू सुटली. उजव्या कानाचे ऐकू येणे मात्र पूर्ण परत आले नाही. माझ्या हातून गेलेल्या दीड वर्षाबद्दल मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "आता जेवते ना मी." पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे.