अ‍ॅपवरची टॅक्सी, रस्त्यावरचा अपघात आणि कागदावरचा हक्क

मोबाइलवर दोन-तीनदा बोट टेकवले की गाडी दारात उभी राहते. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, भाडे, पोहोचण्याची वेळ हे सारे पडद्यावर दिसते. एक गोष्ट मात्र दिसत नाही. गाडी कुठे आदळली आणि मागे बसलेल्याचा पाय मोडला, तर भरपाई कोण देणार? अपघातानंतर हा प्रश्न विचारला की चार उत्तरे मिळतात. चालक म्हणतो, गाडी मालकाची. मालक म्हणतो, विमा आहे, तिकडे जा. विमा कंपनी चालकाच्या परवान्यात आणि गाडीच्या परमिटमध्ये खोट शोधू लागते. अ‍ॅप चालवणारी कंपनी आपल्या अटी-शर्तींकडे बोट दाखवते. तिथे तिने स्वतःला प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणारी मध्यस्थ म्हणून घेतलेले असते.

या टोलवाटोलवीला कंटाळून अनेक जण दावा करायचाच सोडून देतात. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे मुरलेली आहेच. पण मोटार अपघाताचा कायदा वाचत गेले, त्यावरचे निकाल पाहिले, की वेगळेच चित्र दिसते. या बाबतीत आपला कायदा जखमी माणसाच्या बाजूने बराच झुकलेला आहे. दावे कमकुवत होतात ते बहुधा पहिल्या काही दिवसांत न जमवलेल्या कागदांमुळे आणि घाईघाईने केलेल्या सह्यांमुळे.

विमा गाडीला चिकटलेला असतो

अ‍ॅपवरच्या प्रवासाचा विमा हा जगभर वादाचा विषय झाला तो सॅन फ्रान्सिस्कोपासून. कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने सप्टेंबर २०१३ मध्ये या व्यवसायासाठी पहिले नियम केले आणि प्रवासादरम्यान दहा लाख डॉलरचे विमासंरक्षण सक्तीचे केले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री अ‍ॅप सुरू ठेवून भाड्याची वाट पाहणाऱ्या एका चालकाच्या गाडीखाली सहा वर्षांची मुलगी ठार झाली. गाडीत प्रवासी नव्हता, म्हणून हा आमचा प्रवास नव्हे, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि चालकाच्या वेळेचे तीन टप्पे पडले: अ‍ॅप सुरू पण भाडे नाही, भाडे स्वीकारले पण प्रवासी बसलेला नाही आणि प्रवासी गाडीत. कोणत्या टप्प्यात अपघात झाला यावर तिथे विम्याची रक्कम ठरते.

भारतात हा गुंता कमी आहे, कारण आपल्याकडे सक्तीचा विमा अ‍ॅपला नव्हे तर गाडीला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४७ नुसार प्रवासी वाहनाच्या सक्तीच्या विम्यात आत बसलेल्या प्रवाशाची इजाही धरलेली आहे. त्यामुळे टॅक्सीतल्या प्रवाशाचा मुख्य दावा चालक, मालक आणि त्या गाडीची विमा कंपनी यांच्यावर असतो आणि पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते.

इथे नंबर प्लेटचा रंग महत्त्वाचा ठरतो. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची गाडी. विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढरी पाटी म्हणजे खासगी वाहन. खासगी वाहनाला फक्त कायद्यापुरता किमान विमा असेल, तर आत बसलेल्याला किंवा मोटारसायकलवर मागे बसलेल्याला तो लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. पांढऱ्या पाटीच्या दुचाकीवर भाड्याने बसणारा प्रवासी म्हणूनच सर्वांत मोठी जोखीम घेत असतो. गाडीत बसण्यापूर्वी पाटी पाहणे ही दाव्याची पहिली पायरी आहे.

विमा कंपन्यांचे दोन जुने आक्षेप ठाऊक असावेत. चालकाकडे हलके मोटार वाहन चालवण्याचा परवाना आहे, पण वाहतूक वाहनाचा वेगळा शेरा नाही, हा पहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो निकालात काढला: ७५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. दुसरा आक्षेप परवाना किंवा परमिट मुळातच नसल्याचा. अशा वेळी न्यायालये अनेकदा विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगतात. मालक आणि विमा कंपनी यांच्यातले भांडण प्रवाशाच्या माथी मारता येत नाही, हे त्यामागचे सूत्र.

समोरून ट्रक आला आणि टॅक्सीला धडकला, तर चूक कोणाची? दोघांची थोडी थोडी असेल तर प्रवाशाने अर्धे इथून, अर्धे तिथून मागायचे का? २०१५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्वतःची चूक नसलेला जखमी माणूस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. तरीही अर्जात दोन्ही वाहनांचे मालक आणि विमा कंपन्या यांना सामील करणे शहाणपणाचे.

अ‍ॅप कंपनीचे काय?

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘अ‍ॅग्रिगेटर’ची व्याख्या आली आणि परवाना सक्तीचा झाला. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या कंपन्यांनी प्रत्येक प्रवाशासाठी किमान पाच लाख रुपयांच्या विम्याची सोय करायची आहे. चालकासाठी किमान पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा. हा विमा गाडीच्या सक्तीच्या विम्याहून वेगळा असतो. त्याची मागणी स्वतंत्रपणे, लेखी करावी लागते.

दोन दरवाजे इथे वेगळे ओळखावेत. इजेची नुकसानभरपाई मागायची जागा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. ग्राहक मंच अशा भरपाईचा दावा ऐकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. कंपनीने प्रवाशासाठी काढलेल्या विम्याची रक्कम नाकारली गेली, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि तिथे ग्राहक आयोगाची वाट मोकळी असते.

पहिले काही दिवस

अपघातानंतर उपचार आधी. मे २०२५ पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. त्यासाठी रुग्णालय त्या योजनेत सामील असावे लागते.

रुग्णालयात पोहोचल्यावर ‘टॅक्सीच्या अपघातात जखमी’ असे स्पष्ट सांगावे आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक नोंद झाल्याची खात्री करावी. पोलीस प्रकरण नको म्हणून ‘घरात पडलो’ असे सांगण्याचा सल्ला पुष्कळदा आपलेच लोक देतात. ती एक ओळ पुढे विमा कंपनीच्या वकिलाच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार होते.

त्याच दिवशी, स्वतःला जमत नसेल तर घरच्या कोणीतरी, अ‍ॅपमधील प्रवासाची नोंद जपून ठेवावी: प्रवासाचा क्रमांक, वेळ, मार्ग, चालक आणि गाडी यांचा तपशील, पावती. पडद्याची छायाचित्रे घ्यावीत आणि पावतीचा ईमेल पुसू नये. पुष्कळदा अ‍ॅपवर दिसणारी गाडी एक असते आणि प्रत्यक्षात येणारी दुसरी. म्हणून गाडीच्या पाटीचे छायाचित्र वेगळे घ्यावे. लगेच कंपनीला लेखी कळवून त्या प्रवासाच्या जीपीएसच्या नोंदी जपून ठेवण्याची मागणी करावी. रस्त्यावरच्या दुकानांतील सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जप्त करण्याची विनंती पोलिसांना अर्जाने करावी आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.

पोलिसांचेही काम कायद्याने आखून दिलेले आहे. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा अहवाल भरपाईचा अर्ज म्हणूनही धरता येतो. पण अहवाल गेला असेलच असे गृहीत धरू नये. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती आपल्याकडे हव्यातच.

पुराव्याची किंमत

न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरे. पण रक्कम किती, हे मात्र कागदच ठरवतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा शिंपी, महिन्याची कमाई ३०,००० रुपये. अपघातात उजव्या हाताची बोटे आखडली आणि कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली.

वर्षाची कमाई ३,६०,०००. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसासाठी भावी वाढीचे ४० टक्के धरले की ५,०४,०००. त्याचे २० टक्के म्हणजे १,००,८००. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलेल्या कोष्टकानुसार या वयाचा गुणक १५. म्हणजे केवळ भावी कमाईच्या नुकसानीपोटी १५,१२,००० रुपये. औषधोपचार, बुडालेला रोज, वेदना, पुढचे उपचार हे निराळे.

आता याच शिंप्याकडे कमाईचा एकही कागद नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना १५,००० रुपये धरले, असे समजू. रक्कम थेट अर्ध्यावर, ७,५६,००० वर येते. बँकेचे उतारे, गिऱ्हाइकांची बिले, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी, विवरणपत्र, यांपैकी काहीही चालेल. काहीच नसणे महागात पडते.

टक्केवारीबद्दलही सावध असावे. दाखल्यावरचे अपंगत्व आणि कमाईवरचा परिणाम हे एक नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सविस्तर मांडले. तीच आखडलेली बोटे बँकेतल्या अधिकाऱ्याला अडचणीची. शिंप्याची मात्र ती रोजीरोटी आहे. म्हणून डॉक्टरांची साक्ष आणि आपण नेमके काय काम करतो याचा पुरावा, दोन्ही लागतात. गृहिणींचाही दावा होतो. त्यांच्या श्रमांचे मोल धरले पाहिजे, हे न्यायालयाने वारंवार बजावले आहे.

‘मेडिक्लेममधून बिल भागले, आता काय मागणार?’ असे म्हणून थांबू नये. आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात ठरवले. मेडिक्लेमची रक्कमही वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. आपण हप्ते भरून घेतलेल्या संरक्षणाचा फायदा अपघात करणाऱ्याला का मिळावा, हा त्यामागचा साधा विचार.

मुदत आणि सही

या कायद्यातली मुदत अनेकदा बदलली. १९५६ मध्ये न्यायाधिकरणे आली तेव्हा ती ६० दिवसांची होती, पुढे सहा महिन्यांची झाली, १९९४ मध्ये पूर्ण उठली आणि २०१९ च्या दुरुस्तीने, एप्रिल २०२२ पासून, सहा महिन्यांची मुदत परत आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. पण त्या भरवशावर न राहता अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. अपघात पुण्यात झाला आणि जखमी नांदेडचा असेल, तर अर्ज नांदेडलाही करता येतो.

सर्वांत मोठा सापळा सहीचा. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळतात. रक्कम लवकर हाती येते हा तिचा मोठा गुण. मात्र ती स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. वरच्या शिंप्याने इस्पितळातच अडीच लाखांवर सही केली असती, तर पंधरा लाखांवर पाणी सोडले असते. लोकअदालतीतली तडजोडही अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. म्हणून जखम कितपत भरून येणार हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये. भरपाईत टक्का मागणाऱ्या वकिलापासूनही दूर राहावे. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांच्या आचारनियमांत मनाई आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

आणि चालक? तो स्वतःच मालक असेल, तर त्याच्याच गाडीच्या त्रयस्थ विम्यातून त्याला काही मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, हप्ता भरला असेल तर. प्रवाशाने दावा केला म्हणजे त्या गरीब चालकाच्या पोटावर पाय दिला, ही समजूतही म्हणूनच सोडायला हवी. गाडीचा विमा आणि परवाना चालू असतील, तर पैसा विमा कंपनीच्या तिजोरीतून जातो. त्याच प्रसंगासाठी तर वर्षानुवर्षे हप्ते गोळा केलेले असतात.

मोडलेल्या हाडाची किंमत रुपयांत होत नाही, हे न्यायालयेही मान्य करतात. तरी रुपये मोजावे लागतात, कारण औषधवाला, घरमालक आणि मुलांची शाळा रुपयेच मागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणणाऱ्यांच्या काळी ही न्यायाधिकरणे नव्हती. आता आहेत, आणि तिथली पायरी चढायला कागदांची एक नीट लावलेली फाइल पुरते. ती पहिल्या दिवसापासून लावायला घ्यायची, एवढेच.