माप तपासायचे कोणी?

व्यापारात ग्राहकाचे नुकसान दोन कारणांनी होते : विक्रेत्याची नियत खोटी असते, किंवा त्याचे माप. खोटी नियत आज ना उद्या उघडी पडते. माप खोटे असेल, तर प्रामाणिक दुकानदारही वर्षानुवर्षे कमी माल देत राहतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. वैद्यकीय सेवेतील वर्णभेद व लिंगभेद पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचा असतो. अमेरिकेतील तीन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर बोटातून लाल व अवरक्त प्रकाश सोडून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण अजमावतो. मात्र त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषून घेते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी या यंत्राचे आकडे धमनीतील रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी असण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळला. म्हणजे ज्याला प्राणवायूची गरज होती, तोच यंत्राच्या लेखी सुरक्षित ठरत होता.

दुसरे उदाहरण मूत्रपिंडाचे. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या १९९९ च्या सूत्रात कृष्णवर्णीयांचे उत्तर सुमारे १.२ ने गुणले जाई. त्यांच्या शरीरात स्नायू अधिक असतात, हे त्यामागील गृहीतक. या गुणाकाराने आजारी मूत्रपिंड कागदावर निरोगी भासे आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत रुग्णाचे नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये वर्णाचा उल्लेख नसलेले सूत्र पुढे आले. २०२३ पासून रुग्णालयांना अशा रुग्णांचा गमावलेला प्रतीक्षाकाळ त्यांच्या खात्यात जमा करून द्यावा लागला.

तिसरे उदाहरण स्त्रियांचे. गर्भाला अपाय होऊ नये या सद्हेतूने १९७७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने मातृत्वक्षम वयाच्या स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली. मात्र औषधाची मात्रा पुरुषाच्या मापाने ठरविण्याची सवय लगेच सुटली नाही. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठी शिफारस केलेली मात्रा २०१३ मध्ये १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणावी लागली. कारण स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते आणि सकाळी वाहन चालवितानाही त्याचा अंमल उरतो.

या तिन्ही ठिकाणी वैर कोणाचेच नव्हते, तरी झळ ठरावीक लोकांनाच बसली. चूक दुरुस्त झाली, ती कोणीतरी आकडा वस्तुस्थितीशी पडताळून पाहिला म्हणून.

हा विषय सातासमुद्रापलीकडचा नाही. सावळ्या भारतीय त्वचेतही मेलॅनिन असतेच. ऑक्सिमीटरचा आकडा समाधानकारक असूनही रुग्णाला धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर विश्वास रुग्णावर ठेवावा, यंत्रावर नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांना छातीतील वेदनेसोबत किंवा तिच्याविनाही धाप, मळमळ, जबड्यात वा पाठीत दुखणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे दिसू शकतात. ‘पित्त झाले असेल’ या एका वाक्याने घरातच त्यांचा निकाल लागतो आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. हे माप मात्र कोणत्याही प्रयोगशाळेतले नाही. ते प्रत्येक कुटुंबाच्या हातातले आहे आणि तपासून घ्यायचे तेही कुटुंबानेच.