गोदाकाठची नाव आणि उन्हाळ्यातला जलमार्ग

परभणी जिल्ह्याच्या दक्षिण कडेने गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना पाणी दाखवत नांदेडकडे निघते. काठची माणसं तिला गंगाच म्हणतात. हीच गंगा आता राष्ट्रीय जलमार्ग आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानं देशात 111 जलमार्ग ठरवले आणि त्यांतला चौथ्या क्रमांकाचा मार्ग भद्राचलमहून वर, थेट नाशिकपर्यंत वाढवला. कागदावर पाहिलं तर गंगाखेडच्या घाटावर नावेत बसून खाली आंध्रातल्या राजमहेंद्रीला उतरता यावं. प्रत्यक्षात इथली नाव या थडीवरून त्या थडीला जाते, आणि तेवढंही तिचं काम मोठं आहे.

पूल दूर असला की शेत पलीकडे, सोयरे पलीकडे आणि बाजारही पलीकडेच अशी गत होते. अशा गावांत भोई समाजाच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवली. पूर्वी उताराचे पैसे रोज द्यायची पद्धत नव्हती; सुगीला खळ्यावर धान्य मिळे. फळ्यांच्या सांध्यांत चिंध्या ठासायच्या, वरून गरम डांबर ओतायचं, तरी झिरपतंच ते पाणी डब्यानं उपसत राहायचं, ही लाकडी नावेची निगा. पाण्याला ओढ असेल तर नावाडी समोरच्या घाटावर नेम धरत नाही. तो आधी काठाकाठानं वर जातो, मग तिरकं सोडतो आणि धारेलाच नाव घाटावर आणू देतो. पाणी उथळ झालं की वल्हं आत घेऊन हातात वासा येतो. वासा टेकला की खाली वाळू आहे, गाळ आहे की खडक, हे हाताला कळतं. ही विद्या बापाकडून मुलाकडे गेली. तिचं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही.

पूर्वी उन्हाळ्यात नावेला सुट्टीच असे. 1465 किलोमीटर लांबीची ही नदी पावसावर जगते. चैत्र-वैशाखात पात्रात वाळू आणि मधेमधे डोह उरत, माणसं पायउतार पलीकडे जात. पैठणला जायकवाडी धरण झालं तशी खालची धार आणखी आटली. मग ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, दिग्रस असे उच्च पातळीचे बंधारे आले. पावसाळ्यात दारं उघडी ठेवायची, शेवटी ती लावून पाणी अडवायचं, असा त्यांचा क्रम. दारं धरली आणि पाणी टिकलं, की मागे कित्येक किलोमीटर संथ फुगवटा उभा राहतो. पालम तालुक्यातलं जांभूळबेट, जांभळांच्या झाडांचं आणि मोरांचं, पाहायला नावेतच बसावं लागतं. म्हणजे उन्हाळी जलप्रवास परभणीत आहे, पण तुकड्या-तुकड्यांत.

हे तुकडे जोडले का जात नाहीत? इंग्लंडमधले कालवे पाहिले की कारण उमगतं. अठराव्या शतकात तिथं कोळसा आणि मातीची भांडी वाहायला कालवे खोदले गेले. अभियंता जेम्स ब्रिंडलीनं आखलेला ट्रेंट-मर्सी कालवा 1777 मध्ये पूर्ण झाला. चढ-उतारासाठी त्यांत लॉक बांधले : दोन दारांमधली पाण्याची खोली. नाव आत घेऊन दार लावायचं, पाणी सोडलं की नाव वर चढते किंवा खाली उतरते. त्या मार्गांवरचे बहुतेक लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून नावही तेवढीच अरुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब. आधी ती घोडा ओढत असे. रेल्वेनं हा धंदा संपवला, पण 1946 मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली आणि आज त्याच नावांतून कुटुंबं उन्हाळ्याची सुट्टी घालवतात.

गोदावरीवरही असा प्रयत्न झाला होता. इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांनी 1852 च्या सुमारास धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण केला, त्रिभुज प्रदेशात नावा चालतील असे कालवे काढले. वर्धा-प्राणहिता-गोदावरी मार्गानं वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा, हा पुढचा बेत. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांवर कामही सुरू झालं, पण 1871 मध्ये ते सोडून दिलं गेलं. तोवर कापूस रेल्वेनं मुंबईची वाट धरली होती.

परभणीचे बंधारे सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधले आहेत. त्यांना लॉक नाहीत. उन्हाळ्यात दिग्रसचं पाणी नांदेडसाठी खालच्या विष्णुपुरी धरणात सोडायचं ठरलं की इथं तंटा उभा राहतो, कारण त्या पाण्यावर काठची पिकं आणि गावं तगून असतात. जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवाही जिल्ह्यात येतो, पण त्याला पाणी येतं पाळीपाळीनं, आणि अस्तर केलेल्या उतारावरून पाय घसरला तर वर येणं कठीण. तो नावेचा कालवा नाही.

म्हणून नाशिक ते राजमहेंद्री बोटीचं स्वप्न परभणीला दाखवू नये. जिथं एकेका पाळीसाठी माणसं भांडतात, तिथं बोट तरंगावी म्हणून पाणी राखणं न्याय्य नाही. मात्र जे पाणी अडवलेलं आहेच, त्यावरची नाव नीट चालावी एवढं मागणं रास्त आहे. नावेचा उतार असलेल्या प्रत्येक घाटाला पक्क्या पायऱ्या, प्रत्येक उतारूला जीवरक्षक जॅकेट, नावेवर किती माणसं बसवायची त्याचा ठळक आकडा, वर्षाकाठी नावेची तपासणी आणि वासा धरणाऱ्या भोई माणसाला परवाना व विमा. राष्ट्रीय जलमार्ग म्हणून ज्या नदीची नोंद झाली, तिच्या काठी एवढ्या गोष्टी आधी झाल्या पाहिजेत.