मळमळीची गोळी आणि वाकडी झालेली मान

शहागंजचा बाजार सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांनी फुललेला असतो. भाजीवाले, फळवाले, हमाल, रिक्षावाले, दुकानांतून काम करणारी पोरेसोरे, यांना वेळेवर जेवण कुठले? सकाळी चहा-पाव, दुपारी तीनला थंड भाकरी आणि रात्री उशिरा पोटभर जेवण. मग पोट फुगते, करपट ढेकर येतात, मळमळ सुटते. औषधाच्या दुकानात ‘पोटाची गोळी द्या’ म्हटले की काम भागते. उरलेली पट्टी शेजारणीच्या उपयोगी पडते आणि शेजारीण ती आपल्या मुलीला देते.

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु वस्तीत चार घरी जाणे-येणे असल्यामुळे ही गोळी किती सहज घेतली जाते ते आम्ही रोज पाहतो. म्हणून तिच्याविषयी काही गोष्टी वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

गोळी करते काय?

आपल्याकडे मुख्यतः दोन औषधे चालतात. एक मेटोक्लोप्रामाइड, जे ‘पेरिनॉर्म’ या नावाने ओळखीचे आहे. दुसरे डॉम्पेरिडोन, म्हणजे ‘डॉमस्टाल’. आम्लपित्ताच्या गोळीच्या नावापुढे ‘डी’ असेल तर बहुधा तिच्यातही डॉम्पेरिडोन असते. ही औषधे मेंदूतील उलटीची सूचना दाबतात आणि जठराला चालना देऊन अन्न पुढे ढकलतात. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा दुबळ्या होतात व अन्न तासन्‌तास पडून राहते. अशा रोग्याला किंवा कॅन्सरच्या औषधांनी उलट्या होणाऱ्याला या गोळ्यांचा खरा आधार होतो. म्हणजे औषध वाईट नाही. वाईट आहे ते आपल्या मनाने घेणे. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, असा कायदा आहे.

ही बाधा नव्हे!

मेटोक्लोप्रामाइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर एखाद्याची मान अचानक एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. हे बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच होते आणि लहान मुले व तरुण, विशेषतः तरुण मुली, यांच्यात अधिक दिसते. घरातील माणसे घाबरून जातात. कोणी म्हणते फेपरे आले, कोणी म्हणते धनुर्वात झाला, आणि एखादी म्हातारी हळूच म्हणते, ‘बाहेरचं आहे गं, उतरवून आणा.’

बंधू-भगिनींनो, हे बाहेरचे नाही. पोटात गेलेल्या औषधाचा हा परिणाम आहे. औषधाने मेंदूतील एका रसायनाचे काम अडवल्यामुळे स्नायू आवळतात. मुलीची शुद्ध हरपलेली नसते, तिला सारे ऐकू येते. अशा वेळी अंगारा लावून, धुरी देऊन तिचे हाल करणे म्हणजे दुखण्यावर डागणी देणे होय. दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळाले की बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते. १०८ ला फोन करावा किंवा रोग्याला थेट घाटीच्या रुग्णालयात न्यावे. सोबत गोळीची पट्टी न विसरता न्यावी. ती पाहिली की डॉक्टरांचे निम्मे काम होते. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

किती दिवस घ्यावी?

डॉक्टरांनी पाच दिवस लिहून दिले आणि आपण बरे वाटते म्हणून पाच महिने घेतली, तर हा हिशेब जुळायचा नाही. मेटोक्लोप्रामाइड फार दिवस घेतल्यास ओठ चघळल्यासारखे हलणे, जीभ वळवळणे अशा हालचाली सुरू होतात आणि गोळी बंद केल्यावरही त्या कधी कधी जात नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या औषध खात्याने २००९ मध्ये, बारा आठवड्यांपेक्षा जास्त वापर टाळावा, असा ठळक इशारा गोळीवर छापायला लावला. युरोपने २०१३ मध्ये नेहमीच्या वापरासाठी मर्यादा घातली ती पाच दिवस आणि दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅमची.

डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, पण त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे २०१४ मध्ये युरोपने मोठ्या माणसांसाठी १० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा आणि साधारण एक आठवडा, एवढीच मुभा ठेवली. याच कामाचे सिसाप्राइड नावाचे औषध होते. त्याने हृदयाचे ठोके बिघडून माणसे दगावली, म्हणून आपल्या सरकारने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. पोटाची गोळी म्हणून तिला साधी समजू नये, ती यासाठी!

कोणी अधिक जपावे?

हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, फेपरे, कंपवात किंवा मनाच्या आजाराची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. गजकर्णासाठी फ्लुकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांगावे, कारण डॉम्पेरिडोनशी त्यांचे जमत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर तपासत राहावी, कारण अन्न पुढे सरकण्याची वेळ बदलते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी विचारल्याशिवाय घेऊ नये. या गोळ्यांनी पाळी पुढे-मागे होते, मूल नसतानाही छातीतून दूध येते. लाजून लपवू नये, डॉक्टरांना सांगावे. घरातील वृद्धाचे हात कापू लागले, चाल मंदावली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. आधी त्याच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. लहान मुलाला मोठ्याची गोळी अर्धी करून देणे तर सर्वथा टाळावे.

प्रत्येक मळमळ पोटाची नसते

छातीवर दडपण, दरदरून घाम आणि मळमळ असेल तर गॅस समजून गोळी घेत बसू नये, तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. उलटीत रक्त, काळी शौच, पोट टम्म फुगून वारा न सरणे, असह्य पोटदुखी किंवा डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी यांपैकी काहीही असेल तर तडक रुग्णालय गाठावे. आतड्याला अडथळा असताना ही गोळी घेतली तर जीवावर बेतू शकते.

साध्या अपचनात दोन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी थोडे थोडे चार वेळा खावे, तेलकट कमी करावे, जेवून लगेच आडवे होऊ नये, तंबाखू सोडावी. उलट्या होत असतील तर एक लिटरचे ओआरएसचे पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून घोट घोट पाजावे.

औषधाने काही विपरीत झाले तर सरकारच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येते. आपल्या एका फोनने दुसऱ्या कोणाचा त्रास वाचू शकेल.

तेव्हा दुकानदाराला ‘पोटाची गोळी द्या’ म्हणण्याऐवजी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला शिकूया. गोळीचे नाव काय? किती दिवस घ्यायची? काय झाले तर बंद करायची? विचारायला पैसे पडत नाहीत. आणि उरलेली पट्टी? ती शेजारणीला देऊ नका. तिला एवढी माहिती द्या, तोच खरा शेजारधर्म.