आकडा चुकला, की बाक?

मुलांनो, पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे, हे तुम्ही शिकलाच असाल. पण तिचं चुंबकीय क्षेत्र घरबसल्या मोजताही येतं, बरं का!

त्यासाठी हातात मावणारं एक यंत्र मिळतं, मॅग्नेटोमीटर. त्यात अर्धवाहकाची चिमुकली पट्टी असते. तिच्यातून वीज सोडलेली असते. चुंबकीय क्षेत्रामुळे विजेचे कण पट्टीच्या एका कडेला ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये किंचित विद्युतदाब तयार होतो. क्षेत्र जोरदार, तर दाब जास्त. हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला. तीन दिशांना तीन पट्ट्या असल्या, की एकूण क्षेत्राचा आकडा दिसतो. तो मायक्रोटेस्लामध्ये असतो. आपल्या महाराष्ट्रात तो साधारण ४० च्या आसपास येतो.

आमच्या वर्गात मुलांनी पाळीपाळीने मोजलं. कुणाला ४१, कुणाला ४३. एका मुलीला मात्र ६३! "बाई, हिचं चुकलं!" पोरं हसली. तिने गुपचूप ६३ खोडून ४२ लिहिलं. मी म्हटलं, "खोडू नकोस. तिथेच पुन्हा मोज." पुन्हा ६३! मग तीच म्हणाली, "बाई, माझा बाक लोखंडी आहे." मैदानात मधोमध उभं राहून मोजलं, तेव्हा तिलाही ४२ मिळाले. म्हणजे यंत्र खरंच बोलत होतं. पृथ्वीबरोबर ते बाकही मोजत होतं!

ही अडचण मोठ्या शास्त्रज्ञांनाही आली होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतींत लोखंड वापरलं नाही. जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ बसावा, म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमापं चालू ठेवली. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागचं काम आजही चालू आहे.

आता तुमची पाळी. बऱ्याच मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी असंच छोटं मॅग्नेटोमीटर असतं. आईबाबांना विचारून आकडा दाखवणारं ॲप घ्या. आधी अंगणात किंवा मैदानात मोजा. मग लोखंडी कपाट, पंप, खिडकीचे गज यांच्याजवळ मोजा. दर वेळी एकेक पाऊल मागे सरका आणि आकडा कसा बदलतो ते पाहा. मोबाइलला चुंबक मात्र चिकटवू नका हं, त्याचं होकायंत्र गडबडतं.

वहीत तीन रकाने आखा: जागा, जवळच्या वस्तू, आकडा. आणि एखादा आकडा वेगळाच आला, तर? खोडरबर बाजूला ठेवा. आधी आजूबाजूला बघा!