यंत्र म्हणतं, पिन बरोबर!

नाशिकहून एका वाचकांनी विचारलं आहे: ‘डेबिट कार्ड माझ्या पाकिटात, मी घरी झोपलेला, आणि रात्री परराज्यातल्या एटीएममधून माझे वीस हजार गेले. बँक म्हणते, पिन बरोबर टाकला होता. म्हणजे पैसे तुम्ही काढले किंवा पिन कुणाला तरी सांगितला. शास्त्राच्या दृष्टीनं हे खरं मानायचं का?’

अजिबात नाही.

त्यांच्या बाबतीत संशय जातो तो कार्डाच्या पाठीवरच्या काळ्या पट्टीवर. तिच्यावरची माहिती कायम तीच राहते. एटीएमच्या तोंडाशी बसवलेला स्किमर ती वाचतो, छुपा कॅमेरा पिन टिपतो आणि कोऱ्या कार्डावर जुळं तयार होतं. चिपचं तसं नाही. तिच्यातली गुप्त किल्ली बाहेर येत नाही आणि प्रत्येक व्यवहाराला ती नवा सांकेतिक अंक काढते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ अखेर बदलून घ्यायला लावली. पण चिपच्या कार्डावरही पट्टी राहिलीच.

  

मला मात्र चोरापेक्षा बँकेचं ते उत्तरच जास्त खुपतं. ‘पिन बरोबर होता, म्हणजे तुम्हीच’ या तर्काशी केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन तीसेक वर्षं भांडले. मार्च २०२४ मध्ये ते गेले. संगणकशास्त्राबाहेर त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंग्लंडमधल्या एका पोलीस शिपायाची गोष्ट घ्या. १९९२ मध्ये सुट्टीहून परतल्यावर खात्यातले पैसे गायब दिसले, म्हणून त्यानं तक्रार केली. आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, असं बँकेनं ठणकावलं आणि खोटं बोलून पैसे उकळण्याच्या आरोपाखाली शिपायालाच कोर्टात उभं केलं. १९९४ मध्ये तो दोषीही ठरला. अपिलात अँडरसन बचावाचे तज्ज्ञ होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: यंत्रणा निर्दोष आहे ना, मग मला तपासू द्या. बँकेनं नकार दिला. न तपासलेल्या संगणकाची साक्ष कोर्टानं मानली नाही आणि १९९६ मध्ये शिपाई सुटला.

पुढे चिप आली आणि बँकांना पुन्हा जोर चढला. २०१० मध्ये स्टीव्हन मर्डॉक, सार ड्रिमर, माइक बाँड आणि अँडरसन यांनी एक गंमत करून दाखवली. कार्ड त्यांचंच, यंत्र दुकानातलं, पिन टाकला ०००० आणि पावतीवर छापून आलं, ‘पिन पडताळला’.

ही करामत कळायला लग्नं जुळवणारा लबाड मध्यस्थ डोळ्यांसमोर आणा. मुलीकडचे विचारतात, ‘पत्रिका जुळली का?’ मध्यस्थ पत्रिका खिशातच ठेवतो आणि सांगतो, ‘छत्तीस गुण!’ मुलाकडच्यांना सांगतो, ‘त्यांचा पत्रिकेवर विश्वासच नाही.’ दोन्ही घरं खूश. इथे दुकानातलं यंत्र पिन तपासायला चिपकडे पाठवतं. मधलं उपकरण तो अडवतं आणि स्वतःच ‘बरोबर’ म्हणून उत्तर देतं. चिपला वाटतं, ग्राहक सही करून व्यवहार करतोय, पिनची गरजच नाही. ती आपला सांकेतिक अंक देऊन मोकळी होते! (पिन चिपऐवजी थेट बँकेकडे तपासायला गेला, तर ही युक्ती चालत नाही.)

हे प्रयोगशाळेतच शक्य आहे, असं म्हणून बँकांनी हात झटकले. प्रयोगातलं सामान पाठीवरच्या पिशवीत होतं आणि वायर बाहीतून काढलेली होती, हे खरं. पण फ्रान्समध्ये सापडलेल्या एका टोळीनं तेवढा पसाराही ठेवला नव्हता. चोरीच्या चिपवर त्यांनी दुसरी चिप डकवली होती. कार्डं कोर्टातला पुरावा, कापता येईनात. म्हणून तिथल्या संशोधकांनी त्यांचे चक्क एक्स-रे काढले, आणि एकावर एक बसलेल्या दोन चिपा दिसल्या. अशा चाळीसेक कार्डांवर सुमारे सहा लाख युरोंचे व्यवहार झाले होते.

मध्यस्थ बँकेच्या घरातही शिरू शकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत तेच घडलं. मालवेअरमुळे व्यवहारांना बँकेच्या नावानं परस्पर होकार मिळत गेला आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले. त्या दिवशी जगभरची यंत्रं प्रामाणिकपणे सांगत होती, बँकेनं हो म्हटलंय!

अँडरसन यांचं आणखी एक निरीक्षण मला मोलाचं वाटतं. अमेरिकेत ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. ब्रिटनमध्ये ग्राहकच खोटा ठरायचा. नुकसान दुसऱ्याच्या खिशातून जात असल्यानं ब्रिटिश बँका सुस्तावल्या आणि सुरक्षेवर जास्त खर्च करूनही जास्त फसल्या.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ग्राहकाची चूक सिद्ध करायचा भार बँकेवर टाकला. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमचं दायित्व शून्य. स्वतःहून ओटीपी सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

तेव्हा नाशिककरांनी बँकेला लेखी विचारावं: तो व्यवहार चिप वाचून झाला की पट्टी? एटीएमकडून बँकेकडे जाणाऱ्या प्रत्येक व्यवहाराच्या संदेशात याची नोंद असते. उत्तर आलं तर मलाही कळवा.