कॉफीचा घोट अलगद का उतरतो?

नागपूरहून चिखलदऱ्याला सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना तेथे कॉफीची झाडे पाहून नवल वाटते. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या या थंड ठिकाणी विदर्भातही कॉफी वाढते. पण तिची कच्ची बी चघळून पाहिली, तर कॉफीची चव मुळीच लागत नाही, गवतासारखी लागते. मग पेल्यातली चव येते कोठून? आणि एके ठिकाणची कॉफी घशाखाली अलगद उतरते, तर दुसरीकडची जिभेला बोचते, असे का?

बोचणाऱ्या गोष्टी तीन : कडूपणा, आंबटपणा आणि तुरटपणा. पहिल्या दोन खऱ्या चवी होत. तुरटपणा हा मात्र बराचसा स्पर्शाचा अनुभव आहे. कॉफीतील पॉलिफेनॉल द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा घटतो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. आवळा खाताना हेच घडते. कॉफीत दूध घातले की ही द्रव्ये दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटतात आणि लाळेच्या वाट्याला कमी येतात. म्हणून दुधाची कॉफी मऊ लागते.

कडूपणाचा दोष आपण सहसा कॅफीनला देतो. १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. ते कडू असते हे खरेच. परंतु २००७ साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील थॉमस हॉफमन यांनी दाखवून दिले, की कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा सुमारे १५ टक्केच आहे. बाकीचा कडूपणा जन्मतो भट्टीत! कच्च्या बीत क्लोरोजेनिक आम्ले असतात. बी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की त्यांपासून लॅक्टोन तयार होतात. त्यांचा कडूपणा सुखद असतो. भाजणे आणखी चालू ठेवले, की लॅक्टोनांपासून फेनिलइंडेन बनतात. त्यांचा कडूपणा उग्र असतो व जिभेवर रेंगाळतो. करपलेल्या कॉफीचे रहस्य हेच.

बी नीट भाजली तरी काम संपत नाही. गरम पाण्यात पुडीतील सर्व द्रव्ये एकाच वेगाने उतरत नाहीत. आम्ले लवकर उतरतात. कडू व तुरट द्रव्ये सावकाश. पूड लवकर गाळली तर कॉफी आंबट व पाणचट होते. पातेल्यात उकळत ठेवली तर कडू. पूड जितकी बारीक व पाणी जितके गरम, तितके हे सारे झपाट्याने घडते.

आता पाण्याकडे वळू. नागपूर शहराला पेंच व कन्हान नद्यांचे पाणी मिळते. अनेक घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही असते. जमिनीखालचे पाणी खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. सीताबर्डीची टेकडी ज्या बेसाल्टची बनली आहे, त्या खडकातही हे दोन्ही धातू असतात. अशा जड पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्लांना उदासीन करतात. ते थोडे असतील तर आंबटपणाची धार बोथट होते; फार असतील तर कॉफी सपक लागते.

हे सारे तुम्ही घरी पडताळू शकता. चिकोरी नसलेली कॉफीची पूड घ्या (झटपट विरघळणारी नको). तीन पेल्यांत प्रत्येकी एक चमचा पूड घालून मोठ्यांच्या मदतीने सारखेच गरम पाणी ओता. पहिला पेला १ मिनिटाने, दुसरा ४ मिनिटांनी व तिसरा १५ मिनिटांनी गाळा. तिन्ही कोमट होऊ द्या. मित्राला पेल्यांची अदलाबदल करायला सांगा व डोळे मिटून एकेक चमचा चाखा. दर वेळी चूळ भरा. मग सर्वांत कडू पेल्यात मिठाचे चार कण टाका. कडूपणा कमी झालेला जाणवेल, कारण मिठातील सोडियम कडू चवीची जाणीव दाबते.

दुसऱ्या दिवशी वेळ सारखी ठेवून फक्त पाणी बदला : एकात नळाचे, एकात पिण्यायोग्य विहिरीचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही पाळा. तो पाळला नाही, तर चव कशामुळे बदलली हे जीभ कधीच सांगू शकणार नाही.